उमेदवारींतील स्त्रियांचा वांटा : कांहीं कागद व त्यांचा अर्थ

लोकसभेच्या व विधानसभांच्या निवडणुकींत उमेदवार उभे करतांना स्त्रियांचा ठराविक वांटा कायद्यानें सक्तीचा करावा कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां इतिहाससंशोधनाच्या कक्षेबाहेरचा दिसतो. सनदा, महजर, ताम्रपट व पोथ्या यांत रमणाऱ्या वाचकांस त्याचें काय, असें कोणी विचारील. परंतु या वादांत दोन्ही पक्ष वारंवार इतिहासाची साक्ष काढतात. आणि साक्ष निघाली कीं ती तपासणें हें आमच्यासारख्यांचें कामच होय. एक पक्ष म्हणतो कीं, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर खुद्द स्त्रीपुढाऱ्यांनींच राखीव जागा नाकारल्या, तेव्हां आतां त्या मागणें हा त्यांच्या वचनाचा भंग होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, स्त्रियांस आजवर कोणीं कांहीं दिलेंच नाहीं, म्हणून सक्तीवांचून गत्यंतर नाहीं. हीं दोन्ही विधानें अर्धवट वाचलेल्या कागदांवर उभीं आहेत. कागद पुरा वाचावा, त्याचा काळ व प्रसंग पाहावा, आणि मगच त्याचा आधार घ्यावा, ही आपली नेहमींची रीत या प्रश्नासहि लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. तीन भिन्न व्यवस्था

चर्चेंत 'आरक्षण' हा एकच शब्द तीन निरनिराळ्या व्यवस्थांस सरसकट लावला जातो, व निम्मा घोटाळा तेथेंच होतो. पहिली व्यवस्था राखीव जागांची : अमुक मतदारसंघांत स्त्रियांनींच उभें राहावें असा नियम. दुसरी उमेदवारींतील सक्तीच्या वांट्याची : जागा सर्वांस मोकळ्या, पण प्रत्येक पक्षानें आपल्या एकंदर उमेदवारांत इतक्या स्त्रिया दिल्याच पाहिजेत. तिसरी स्वेच्छेच्या वांट्याची : कायद्याचें बंधन नाहीं, पक्षानें आपण होऊन तसें ठरविलें.

'उमेदवार' हा शब्द आपल्या दफ्तरांत नवा नाहीं. फारसी 'उमेद' म्हणजे आशा. पुढेंमागें चाकरी मिळेल या आशेनें कचेरींत बिनपगारी राबणारा तो उमेदवार, असा त्याचा जुना अर्थ. निवडणुकीच्या उमेदवारासहि हा अर्थ चांगला लागू पडतो. त्याच्या हातीं आशेपलीकडे कांहीं नसतें, आणि ती आशा फळास येणें हें कोणता मतदारसंघ वांट्यास आला यावर पुष्कळसें अवलंबून असतें. जेथें पक्षाचा पराभव ठरलेला तेथें स्त्रीस उभें केलें, तर वांट्याचा आंकडा पुरा होतो, पण सभागृहांत कोणी जात नाहीं. उमेदवारी देणें व जागा देणें यांतील हें अंतर वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व विवेचन त्यावरच आहे.

२. पात्रतेच्या अटी व सोडत

आपल्या देशांत प्रतिनिधि निवडण्याच्या नियमांचा सर्वांत तपशीलवार जुना पुरावा म्हणजे तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथील शिलालेख. चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतील हे दोन लेख सन ९१९ व ९२१ या सालांचे आहेत. गांवाचे तीस भाग करून प्रत्येक भागांतून पात्र माणसांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहावीं, त्या चिठ्ठ्या घागरींत घालाव्या व लहान मुलाच्या हातून एकेक काढवावी, अशी रीत तेथें सांगितली आहे. पात्रतेच्या अटीहि स्पष्ट आहेत : ठराविक मापाची करपात्र जमीन, स्वतःच्या जागेवर घर, ठरावीक वय, वैदिक मंत्र-ब्राह्मणाचें ज्ञान. जो नुकताच समितीवर होता त्याचें नांव पुढील तीन वर्षें घालावयाचें नाहीं, असाहि निर्बंध आहे.

या लेखांतून दोन गोष्टी निघतात. एक, उमेदवारीवर नियमांचें बंधन घालणें व पाळी फिरती ठेवणें या कल्पना परदेशांतून आलेल्या नव्हेत. महाराष्ट्रांत नगरपालिकांचे प्रभाग स्त्रियांसाठीं राखण्याची सोडत पुष्कळदां शाळकरी मुलाच्या हातून काढतात. ती पाहून उत्तरमेरूरच्या घागरीची आठवण होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पात्रतेच्या अटी अशा घातल्या कीं, 'स्त्रियांस मनाई' असें निराळें लिहिण्याची गरजच उरत नाहीं. जमीन, वेदाध्ययन व गृहस्वामित्व या तीन अटींनींच दार लागतें. दार मोकळें आहे असें म्हणतांना त्याच्या उंबऱ्याची उंची किती, हेंहि पाहावें लागतें.

३. सन १९१७ ते १९३५ : मिळालेल्या जागा कशा होत्या

ता. १८ डिसेंबर १९१७ रोजीं भारतमंत्री माँटेग्यू मद्रासेस आले असतां सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालीं स्त्रियांचें एक शिष्टमंडळ त्यांस भेटलें. मताधिकार देतांना स्त्रियांस पुरुषांच्याच बरोबरीनें लेखावें, एवढीच त्यांची मागणी होती. सन १९१९ च्या कायद्यानें तो निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोंपविला. मद्रास व मुंबई या दोन इलाख्यांनीं सन १९२१ मध्यें स्त्रियांस मत दिलें. मत मिळालें तरी निवडणुकीस उभें राहण्याचा हक्क लगेच मिळाला नाहीं. त्यासाठीं सन १९२६ उजाडावें लागलें. त्याच सालीं कमलादेवी चट्टोपाध्याय मद्रास कायदेमंडळासाठीं उभ्या राहिल्या व थोड्या मतांनीं पडल्या. सन १९२७ मध्यें त्या कायदेमंडळांत ज्या पहिल्या स्त्री सभासद बसल्या, त्या डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी सरकारनियुक्त होत्या.

सन १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेस राधाबाई सुब्बरायन व बेगम शाहनवाज यांस सरकारनें नेमिलें. सुब्बरायन यांनीं तात्पुरत्या राखीव जागांचा पक्ष मांडला. उलट स्त्रियांच्या तीन अखिल भारतीय संस्थांनीं सन १९३१ मध्यें एकत्र निवेदन काढून राखीव जागा व नेमणुका दोन्ही नाकारल्या, व प्रौढ मताधिकार मागितला. म्हणजे या प्रश्नावर स्त्रियांत त्याहि वेळीं एकमत नव्हतें. 'स्त्रियांनीं नाकारलें' किंवा 'स्त्रियांनीं मागितलें' असें एकवचनी विधान करणारा लेखक एकच कागद पाहून लिहीत असतो.

या निवेदनास न जुमानतां सन १९३५ च्या कायद्यानें प्रांतिक विधानसभांत स्त्रियांसाठीं ४१ जागा राखिल्या. त्यांची वांटणी अशी : मद्रास ८, मुंबई ६, संयुक्त प्रांत ६, बंगाल ५, पंजाब ४, बिहार ४, मध्यप्रांत-वऱ्हाड ३, ओरिसा २, सिंध २, आसाम १, वायव्य सरहद्द प्रांतांत एकहि नाहीं. सर्व प्रांतांच्या मिळून १५८५ जागा होत्या. म्हणजे स्त्रियांचा वांटा शेंकडा तीनाहूनहि कमी पडला. त्यापेक्षांहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या थोड्या जागाहि जातधर्मांप्रमाणें तोडून दिल्या होत्या. मुंबईच्या सहांपैकीं ५ सर्वसाधारण व १ मुसलमान. बंगालच्या पांचांपैकीं २ सर्वसाधारण, २ मुसलमान व १ अँग्लो-इंडियन. मताचा हक्कहि बहुतेक स्त्रियांस पतीच्या मालमत्तेच्या आधारें किंवा साक्षरतेच्या अटीवर मिळे. ज्या स्त्रीपुढाऱ्यांनीं दहाच वर्षांनंतर राखीव जागांस नकार दिला, त्यांच्यापुढें राखीव जागांचा हा असा नमुना होता.

४. सन १९४६-४७ चा नकार

ता. १९ डिसेंबर १९४६ रोजीं घटना समितींत मुंबईच्या हंसा मेहता यांनीं भाषण केलें. राखीव जागा, ठराविक वांटे व विभक्त मतदारसंघ यांपैकीं कांहींहि आम्हीं मागितलें नाहीं, आम्हांस सामाजिक, आर्थिक व राजकीय न्याय हवा, असा त्याचा आशय. ता. १८ जुलै १९४७ रोजीं रेणुका राय यांनीं राखीव जागांविरुद्ध युक्तिवाद केला कीं, स्त्रियांसाठीं जागा राखिल्या म्हणजे सर्वसाधारण जागांसाठीं त्यांचा, कितीहि लायक असल्या तरी, विचार होत नाहीं.

हे दोन कागद आज राखीव जागांच्या विरोधकांचे मुख्य आधार आहेत. ते खरेच आहेत, आणि त्यांतील स्वाभिमान आदरास पात्र आहे. परंतु त्यांचा अर्थ लावतांना दोन गोष्टी सोडून चालणार नाहीं. हंसाबाईंच्या वाक्यांत राखीव जागा व विभक्त मतदारसंघ एका दमांत आले आहेत. ज्या वेळीं देश जातधर्मांच्या मतदारसंघांवरून दुभंगत होता, त्या वेळीं त्याच साच्यांतून निघालेली सवलत हातीं धरणें कोणाहि विचारी माणसास नकोसें वाटलें असतें. दुसरी गोष्ट, रेणुकाबाईंचा युक्तिवाद हा तत्त्वाचा नसून अनुभवाचा आहे. 'असें केलें तर असें होईल' हें भाकित आहे. आणि भाकित खरें ठरलें कीं खोटें, हें पुढील कागदांवरून तपासतां येतें. तें तपासणें म्हणजे त्यांचा अनादर नव्हे.

५. 'अमक्याची बायको'

सन १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या करतांना जो प्रकार घडला, तो जुन्या कागदांच्या अभ्यासकांस विशेष ओळखीचा वाटेल. पुष्कळ स्त्रियांनीं यादी करणाऱ्यांस स्वतःचें नांव सांगितलें नाहीं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेंच सांगितलें. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं नांवावांचून कोणाची नोंद राहूं नये असा आग्रह धरला. अखेर सुमारें २८ लाख स्त्रियांच्या नोंदी यादींतून गळाल्या. त्यांतील बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या भागांतील होत्या. स्त्रीमतदारांची एकंदर संख्या सुमारें ८ कोटि होती.

आपल्या महजरांवरील साक्षींच्या याद्या पाहाव्या. पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बलुतेदार ओळीनें येतात. स्त्रीचें नांव विरळाच. जेथें तें येतें तेथें बहुधा विधवा म्हणून, वतनाच्या तंट्यामुळें येतें. सन १९५२ ची मतदारयादी या परंपरेंतील शेवटच्या कागदांपैकीं एक होय. घटनेच्या ३२६ व्या कलमानें हक्क दिला होता. हक्क घेण्यासाठीं लागणारें नांवच पुढें आलें नाहीं. त्या निवडणुकींत लोकसभेच्या ४८९ जागांवर पंचविसांहूनहि कमी स्त्रिया निवडून आल्या. लायक स्त्रीचा विचार आपोआप होईल, ही सन १९४७ ची आशा त्या सालीं तरी फळली नाहीं. पुढेंहि सन २००९ पर्यंत लोकसभेंतील स्त्रियांचें प्रमाण शेंकडा १० च्या वर गेलें नाहीं.

६. महाराष्ट्राचा अनुभव

सन १९७४ मध्यें स्त्रियांच्या स्थितीसंबंधीं नेमिलेल्या समितीचा अहवाल तयार झाला. विधिमंडळांत जागा राखूं नयेत असें समितीच्या बहुमतानें ठरविलें; लतिका सरकार व वीणा मजुमदार यांनीं भिन्नमतपत्रिका जोडली. तेव्हांपासून या प्रश्नाची दुसरी फेरी सुरू झाली.

महाराष्ट्रांत तिचा आरंभ खालून झाला. सन १९८६ मध्यें चांदवड येथें शेतकरी संघटनेचें स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरलें व स्थानिक निवडणुकींत सर्व-स्त्री मंडळें उभीं करण्याचा विचार पुढें आला. पाठोपाठ त्याच संघटनेनें 'लक्ष्मीमुक्ति' ही चळवळ काढली. तींत शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावयाचा असे. सात-बाराच्या उताऱ्यावर स्त्रीचें नांव चढविणारी ही चळवळ कागदाचें महत्त्व जाणणारी होती. सन १९९० मध्यें महाराष्ट्रानें स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठीं शेंकडा ३० जागा राखिल्या. सन १९९३ मध्यें ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अंमलांत येऊन सर्व देशांत किमान एक तृतीयांश जागा राखणें आवश्यक झालें. सन २०११ मध्यें महाराष्ट्रानें हें प्रमाण निम्म्यावर नेलें.

आतां रेणुकाबाईंचें भाकित या अनुभवावर घांसून पाहूं. मुंबई महानगरपालिकेचे प्रभाग पाळीपाळीनें राखीव होतात. त्यामुळें एका निवडणुकींत राखीव असलेला प्रभाग पुढच्या खेपेस मोकळा झाला म्हणजे तेथें स्त्रियांचें काय होतें, हें पाहतां येतें. रिखिल भवनानी यांनीं सन २००९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, पूर्वीं राखीव असलेल्या मोकळ्या प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, जेथें तसें आरक्षण नव्हतें तेथील शक्यतेच्या सुमारें पांचपट होती. म्हणजे राखीव जागेनें सर्वसाधारण जागेचें दार लावलें नाहीं. तें किलकिलें केलें. चट्टोपाध्याय व डुफ्लो यांनीं पश्चिम बंगाल व राजस्थान येथील पंचायतींचा जो अभ्यास सन २००४ मध्यें प्रसिद्ध केला, त्यांत स्त्रीप्रमुखांसाठीं राखीव असलेल्या पंचायतींनीं पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचें दिसून आलें. नांव स्त्रीचें व कारभार नवऱ्याचा, हा आक्षेप सर्वस्वी खरा असता तर असा फरक पडण्याचें कारण नव्हतें.

७. सन १९९६ ते २०२३

लोकसभा व विधानसभा यांत एक तृतीयांश जागा राखण्याचें विधेयक प्रथम ता. १२ सप्टेंबर १९९६ रोजीं लोकसभेंत आलें. गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीनें त्याच वर्षाच्या डिसेंबरांत अहवाल दिला. पुढें सन १९९८ व १९९९ मध्यें विधेयकें आलीं व लोकसभा विसर्जित होतांच बुडालीं. मागासवर्गीय स्त्रियांस पोटवांटा नाहीं, हा विरोधाचा मुख्य मुद्दा होता. तो पोकळ नव्हता. ता. ९ मार्च २०१० रोजीं राज्यसभेनें विधेयक १८६ विरुद्ध १ मतानें मंजूर केलें. तें एक विरोधी मत शरद जोशी यांचें होतें. चांदवडच्या अधिवेशनामागें व लक्ष्मीमुक्तीमागें जे होते तेच. त्यांस स्त्रियांचे शत्रु म्हणणें हास्यास्पद ठरेल. मतदारसंघ पाळीपाळीनें फिरता ठेवण्याच्या व्यवस्थेवर त्यांचा आक्षेप होता. दर खेपेस मतदारसंघ बदलला तर प्रतिनिधीनें कोणासाठीं राबावें व मतदारांनीं कोणास जाब विचारावा, हा प्रश्न राखीव जागांच्या पुरस्कर्त्यांनींहि टाळूं नये.

ते विधेयक लोकसभेंत मांडलेंच न गेल्यानें सन २०१४ मध्यें संपुष्टांत आलें. नवें विधेयक सन २०२३ च्या सप्टेंबरांत लोकसभेनें ४५४ विरुद्ध २ मतांनीं व राज्यसभेनें एकमतानें मंजूर केलें, ता. २८ सप्टेंबर रोजीं राष्ट्रपतींची संमति मिळून ती १०६ वी घटनादुरुस्ती झाली. एक तृतीयांश जागा, मुदत पंधरा वर्षांची. परंतु मंजूर झालेल्या मजकुराप्रमाणें अंमल पुढील जनगणना व तीनंतरची मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावर. म्हणून सन २०२४ ची निवडणूक जुन्याच रीतीनें झाली. त्या निवडणुकींत ५४३ पैकीं ७४ जागीं स्त्रिया निवडून आल्या. सन २०१९ मध्यें ती संख्या ७८ होती.

८. उमेदवारींतील वांटा : इतरत्रचा अनुभव

राखीव जागांस पर्याय म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त एम. एस. गिल यांनीं उमेदवारींतील वांट्याची सूचना केली होती : मान्यताप्राप्त पक्षांनीं ठराविक प्रमाणांत स्त्रिया उभ्या करणें कायद्यानें आवश्यक करावें. त्यांत मतदारसंघ फिरत नाहीं, कोणा पुरुषाचा हक्क जात नाहीं, घटना बदलावी लागत नाहीं; असे त्याचे गुण सांगितले जातात. दोष कोठें आहे, तें फ्रान्सच्या उदाहरणावरून कळतें.

फ्रान्सनें सन १९९९ मध्यें घटना दुरुस्त करून सन २००० मध्यें समप्रमाणाचा कायदा केला. मोठ्या गांवांच्या नगरसभांत पक्षाच्या यादीस मत पडतें. तेथें सन २००१ मध्यें स्त्रियांचें प्रमाण शेंकडा सुमारें ४७ झालें. पार्लमेंटांत एका मतदारसंघांतून एकच प्रतिनिधि निवडला जातो. तेथें नियम मोडणाऱ्या पक्षाचें सरकारी अनुदान कमी होई इतकेंच. सन २००२ मध्यें ५७७ पैकीं ७१ स्त्रियाच निवडून आल्या. मोठ्या पक्षांनीं दंड सोसला, जागा सोडल्या नाहींत. कायदा तोच, फळ निराळें. सन २०१७ मध्यें तेथें २२४ स्त्रिया आल्या. पण त्यास पंधरा वर्षें लागलीं. शेजारच्या नेपाळांत सन २००८ च्या संविधानसभेच्या निवडणुकींत हेंच दिसलें : यादीच्या ३३५ जागांपैकीं १६१ स्त्रियांस मिळाल्या, प्रत्यक्ष मतदारसंघांच्या २४० जागांपैकीं केवळ ३०. अर्जेंटिनानें सन १९९१ मध्येंच ही पळवाट ओळखून, स्त्रियांचीं नांवें निवडून येण्याजोग्या क्रमांकांवर असलीं पाहिजेत, असें कायद्यांत घातलें.

आपल्याकडेहि स्वेच्छेच्या वांट्याचे दोन दाखले आहेत. सन २०१९ मध्यें तृणमूल काँग्रेसनें पश्चिम बंगालच्या ४२ जागांवर १७ स्त्रिया दिल्या, त्यांतील ९ आल्या. पक्षाच्या एकंदर २२ जागा आल्या. बिजू जनता दलानें ओडिशाच्या २१ जागांवर ७ स्त्रिया दिल्या, त्यांतील ५ आल्या. पक्षाच्या एकंदर १२ आल्या. दोन्ही ठिकाणीं स्त्रीउमेदवारांचें यश पक्षाच्या सरासरीहून उणें नाहीं. ज्या पक्षाचें बळ ज्या प्रांतांत आहे तेथेंच त्यानें स्त्रिया दिल्या, म्हणून वांटा फळला. 'स्त्री दिली कीं जागा गेली' ही पक्षकार्यालयांतील म्हण या आंकड्यांपुढें टिकत नाहीं. त्याच निवडणुकींत देशभर उभ्या असलेल्या ८०५४ उमेदवारांत स्त्रिया ७२६ होत्या. म्हणजे अडचण मतपेटींत नसून मुख्यतः तिच्या आधीं, उमेदवारी वांटणाऱ्या खोलींत आहे.

९. निर्णय

आतां पूर्वपक्षाचे मुख्य आक्षेप तीन. मतदारांचें स्वातंत्र्य संकोचतें, हा पहिला. राखीव जागेंत तें कांहीं अंशीं संकोचतें हें खरें. पण उमेदवारींतील वांट्यानें संकोच होतो तो पक्षश्रेष्ठींच्या स्वातंत्र्याचा. मतदार पूर्वींइतकाच मोकळा राहतो. दुसरा आक्षेप लायकीचा. लायकीची परीक्षा उभें राहूं दिल्यावर होते. ज्यास परीक्षेस बसूंच दिलें नाहीं त्यास नापास म्हणतां येत नाहीं. तिसरा आक्षेप, पुढाऱ्यांच्याच बायका-मुली पुढें येतील. येतील, जसे पुढाऱ्यांचे मुलगे व पुतणे आजवर आले. हा दोष घराणेशाहीचा आहे, वांट्याचा नव्हे. त्यावर औषध निराळें.

म्हणून आमचें मत असें. उमेदवारींतील वांटा सक्तीचा असावा, परंतु केवळ संख्येवर नको. प्रत्येक राज्यांत, मागील निवडणुकींत पक्षानें जिंकलेल्या किंवा ज्यांत तो दुसरा आला अशा जागांचा निराळा हिशेब करावा, व त्या जागांतहि स्त्रियांचा वांटा तितकाच असावा. नियम मोडणाऱ्यास पैशाचा दंड पुरत नाहीं, हें फ्रान्सनें दाखविलें आहे. पक्षाचें राखीव चिन्ह रोखणें ही आपल्याकडील अधिक परिणामकारक शिक्षा होईल. राखीव जागांशीं हा वांटा विरोधी नाहीं. राखीव जागा फिरून गेल्यावर त्या मतदारसंघांत कमावलेलें मोकळ्या निवडणुकींत टिकविण्यास तो उपयोगीच पडेल. सवलतीस मुदत असावी व मुदत संपतांना फळाची मोजणी व्हावी. हंसाबाई व रेणुकाबाई यांच्या नकारांतला स्वाभिमान राखण्याचा मार्ग हाच आहे.

१०. संग्राहकांस विनंति

शेवटीं एक विनंति. सन १९३७ च्या प्रांतिक निवडणुकींतील स्त्रियांच्या मतदारसंघांच्या याद्या, त्या वेळचीं हस्तपत्रकें, सन १९५१-५२ च्या गांववार मतदारयाद्या, लोकल बोर्डांचीं दफ्तरें व लक्ष्मीमुक्तीचे फेरफार, हे कागद आज रद्दींत जाण्याच्या वयाचे झाले आहेत. शिवकालीन पत्रास जो मान आपण देतों तो यांस कोणी देत नाहीं. ज्यांच्या वाड्यांत, चावडींत किंवा जुन्या कार्यकर्त्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं ते राखावे, त्यांची सूची करावी; आणि सूची करतांना जेथें 'अमक्याची बायको' असें लिहिलें असेल, तेथें त्या बाईचें नांव गांवांतील वृद्धांकडून विचारून समासांत नोंदवून ठेवावें. तें सांगूं शकणारीं माणसें फार दिवस राहणार नाहींत.